डाळ मिलचा नफा सॅपमध्ये मोजताना: हिंगण्यातल्या साडेतीन महिन्यांच्या नोंदी

आमची तुरीची मिल आणि पॅकिंग दोन्ही नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आहे. सॅप कंपनीचं एस-फोर हाना हे कारखान्याचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर दोन वर्षांपूर्वी बसलं, पण त्यात खरेदी, विक्री आणि हिशेब एवढंच नीट चालत होतं. कॉस्टिंग (मालाच्या खर्चाचा हिशेब) नावापुरतं होतं आणि नफ्याचं विश्लेषण एक्सेलमध्ये. हे काम माझ्याकडे आलं तेव्हापासून रोज संध्याकाळी लिहीत गेले, त्यातलं कामाचं इथे देते. आकडे थोडे गोल केलेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण खरं आहे. डाळ, तेल, जिनिंग अशा एका कच्च्या मालातून चार वस्तू निघणाऱ्या कारखान्यात कोणी हेच करत असेल तर उपयोगी पडेल.

३ जून

मे महिन्याच्या आढावा बैठकीत दोन कागद समोर आले. विक्री विभागाच्या कागदावर मॉडर्न ट्रेडचा (मोठ्या साखळी दुकानांच्या विक्रीचा) नफा ९ टक्के, आमच्या कागदावर ४ टक्के. दोघांची बेरीज बरोबर होती. खर्च कोणी कुठे टांगला एवढाच फरक. एक तास त्यावर गेला आणि निर्णय एकही झाला नाही. शेवटी मोठ्या साहेबांनी सांगितलं, पुढच्या तिमाहीपासून एकच आकडा आणा, आणि तो ताळेबंदाशी जुळला पाहिजे.

पुण्याच्या सल्लागारांशी बोलले. सॅपमध्ये प्रॉफिटॅबिलिटी अ‍ॅनालिसिस (नफ्याचं विश्लेषण) दोन पद्धतींनी होतं, अकाउंट-बेस्ड आणि कॉस्टिंग-बेस्ड. कॉस्टिंग-बेस्डमध्ये रिपोर्ट लवकर देखणे होतात, पण त्याचा साठा वेगळ्या टेबलांत राहतो आणि महिनाअखेर हिशेबाशी जुळवणी करत बसावं लागतं. अकाउंट-बेस्डमध्ये नोंद युनिव्हर्सल जर्नलमध्येच, म्हणजे हिशेबाच्या मूळ टेबलातच पडते, म्हणजे नफा-तोटा पत्रक आणि ग्राहकवार नफा एकाच टेबलातून निघतात. आमचं दुखणंच दोन आकड्यांचं होतं, त्यामुळे अकाउंट-बेस्ड ठरलं. सल्लागारांची फी साडेसहा लाख, मुदत दहा आठवडे.

९ जून

नफा कशाकशाने पाहायचा याची यादी मागवली तर प्रत्येक विभागाने आपलं घोडं दामटलं. २३ गोष्टी आल्या. कापत कापत सातवर आणल्या: ग्राहक गट, विक्री जिल्हा, वितरण मार्ग, माल, मालाचा गट, ब्रँड, पॅकचं वजन.

पॅकच्या वजनाने पहिला दणका दिला. ५०० ग्रॅम, १ किलो, ३० किलोचा कट्टा हे सगळं मालाच्या नावातच लिहिलेलं, वेगळ्या रकान्यात कुठेच नाही. आमच्या मुलांनी केईडीआरमध्ये (हा सॅपच्या स्क्रीनचा कोड, असे कोड पुढेही येतील) ४१२ मालांचा तक्ता हाताने भरला. तपासला तेव्हा ३१ चुकलेले, त्यात बेसनाचे दोन पॅक तुरीच्या गटात. दोन दिवस वाया गेले. मग मटेरियल मास्टरमधला (प्रत्येक मालाच्या मूळ नोंदीतला) विक्रीचा एक मोकळा मटेरियल ग्रुप पॅकच्या वजनासाठी राखला आणि रिपोर्टसाठी वजन आपोआप तिथून उचलायला लावलं. आता नवीन माल उघडताना तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

१३ जून

जुन्या विक्रीवर केई३० मध्ये नफ्याचा चाचणी रिपोर्ट काढला. सर्वांत जास्त नफ्याचा ग्राहक गट आला पशुखाद्यवाल्यांचा. ९४ टक्के! बैठकीत कोणीतरी लगेच म्हणालं, मग चुनी-भुसा जास्त विकू या. पण भुसा काही वेगळा पिकत नाही. तूर दळली की तो निघतो, तेवढाच निघतो.

संध्याकाळी मिलमध्ये गेले. फोरमन भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, भुसा का फुकटचा हाये का? रोज एक गाडी भरून जाते. पैसे मोजून नेतात लोक." मटेरियल मास्टर उघडला. चुनी-भुशाचा दर १ रुपया किलो. सॅप बसवताना कोणीतरी जागा भरायला टाकलेला, तो दोन वर्षं तसाच होता. बाजारात आम्ही तो १८ ला विकतो.

ही चूक दोन्हीकडून मारते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १०० किलो तुरीतून आमच्याकडे ५८ किलो फटका (वरच्या प्रतीची डाळ), १२ किलो सव्वा नंबर (त्याखालच्या प्रतीची), ७ किलो चुरी, २० किलो चुनी-भुसा निघतो आणि ३ किलो घट जाते. चुनी-भुसा बाय-प्रॉडक्ट (जोडीने निघणारा दुय्यम माल) म्हणून बिल ऑफ मटेरियलमध्ये (कशातून काय किती, या यादीत) उणे वजनाने लिहिलेला असतो आणि ५३१ या नोंदीने स्टॉकमध्ये येतो. त्याच्या दराएवढी रक्कम डाळीच्या खर्चातून वजा होते. २० किलोंवर १७ रुपये कमी वजा होत होते, म्हणजे ३४० रुपये. ते ७० किलो डाळीवर बसत होते: किलोला ४ रुपये ८५ पैसे. डाळीचा नफा तेवढा कमी दिसत होता आणि तोच नफा भुशाच्या खात्यात फुगत होता. दोन वर्षं आम्ही डाळीच्या भावाची घासाघीस चुकीच्या खर्चावर केली.

१७ जून

भुशाचा दर एमआर२१ ने १८ केला आणि नवीन चूक केली. महिन्याच्या मध्यावर दर बदलला की हातातल्या सगळ्या स्टॉकचं मूल्य त्याच क्षणी बदलतं. गोदामात ६४ टन भुसा होता. १७ रुपयांच्या हिशेबाने १० लाख ८८ हजार रुपये दरबदलाच्या खात्यात जमा झाले. जून महिना एका फटक्यात फायद्यात दिसू लागला. दुसऱ्या दिवशी अंतर्गत लेखापरीक्षकांचा फोन आला. कागद दाखवून सगळं समजावलं आणि ही रक्कम रिपोर्टमध्ये वेगळ्या ओळीवर ठेवली, कुठल्याही ग्राहकावर वाटली नाही.

तुम्ही हे करणार असाल तर आधी स्टॉक पाहा, शक्यतो तो कमी असेल त्या दिवशी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला करा. लेखापरीक्षकांना आधी सांगा.

२३ जून

आता फटका आणि सव्वा नंबर. हे दोन्ही को-प्रॉडक्ट (बरोबरीचे मुख्य माल), एकाच प्रोसेस ऑर्डरमधून निघतात. भुसा आणि चुरी वजा जाऊन १०० किलो तुरीचा खर्च असा बसतो: तूर ७,४००, मिलिंग ३००, वजा चुनी-भुसा ३६०, वजा चुरी ३१५. राहिले ७,०२५. ते दोघांत वाटायचे.

सल्लागारांनी अपोर्शनमेंट स्ट्रक्चरमध्ये (खर्चाच्या वाटणीच्या तक्त्यात) ५८ आणि १२ टाकलं होतं, म्हणजे वजनाने. दोघांचाही खर्च किलोला १०० रुपये ३५ पैसे. फटका ११२ ला जातो, सव्वा नंबर ९८ ला. म्हणून सव्वा नंबर कायम तोट्यात. विक्रीवाले म्हणत होते हा माल बंद करा. फोरमन भाऊंचं म्हणणं, "तो काही आपण बनवत नाही मॅडम, तो निघतो." खरं आहे. जो माल आपोआप निघतो त्याला त्याच्या बाजारभावाच्या प्रमाणातच खर्च पेलता येतो.

मी ११२ ला ९८, म्हणजे ८ ला ७, असं प्रमाण काढलं आणि तेच आकडे टाकले. सीके११एन मध्ये कॉस्ट एस्टिमेट (मालाच्या खर्चाचा अंदाज) काढलं तर किलोला फटका ६४ रुपये ६० पैसे, सव्वा नंबर २७३ रुपये. तुरीपेक्षा डाळ स्वस्त! तासभर बिल ऑफ मटेरियल उसवत बसले. चूक माझीच होती. तिथले आकडे किलोचे दर नसतात, एकूण खर्चाची वाटणी असते. वजन त्यात सॅप पुन्हा गुणत नाही. ५८ गुणिले ११२ म्हणजे ६,४९६ आणि १२ गुणिले ९८ म्हणजे १,१७६, यांचं प्रमाण ८५ ला १५. ते टाकल्यावर फटका १०२ रुपये ९५ पैसे, सव्वा नंबर ८७ रुपये ८० पैसे. दोन्ही नफ्यात, आणि दोन्ही पटण्यासारखे.

सुदैवाने हे मार्किंगच्या पायरीवर, म्हणजे दर रिलीज (लागू) व्हायच्या आधी सापडलं. सीके२४ मध्ये मार्किंग कितीदाही करता येतं, पण एका मालाचं रिलीज एका कालावधीत एकदाच. २७३ रुपये रिलीज झाले असते तर जुलैभर तेच घेऊन बसावं लागलं असतं किंवा एस्टिमेट पुसण्याचा वेगळा उद्योग करावा लागला असता.

१ जुलै

नवीन दर रिलीज केले. त्याच दिवशी विकलेल्या मालाच्या खर्चाची फोड सुरू केली: तूर, मिलिंग, पॅकिंग साहित्य अशी वेगवेगळी खाती. संध्याकाळी पाहिलं तर ३७ मालांचा खर्च फोड न होता एकाच खात्यात. त्या मालांचं कॉस्ट एस्टिमेट कधी रिलीजच झालं नव्हतं, त्यामुळे फोडायला खर्चाचे भागच नाहीत. त्या सगळ्यांचं एस्टिमेट करून दोन दिवसांत रिलीज केलं. पहिल्या दोन दिवसांची विक्री तशीच राहिली.

८ ते १० जुलै

वीज. महावितरणचं बिल एकच, मीटर एकच, महिन्याचे ४ लाख ६० हजार. त्यातले ३० टक्के पॅकिंगवर टाकायची जुनी प्रथा. हा ३० कुठून आला हे कोणालाच आठवत नाही. केपी२६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिटीचा (मिलिंग, पॅकिंग अशा कामाचा) दर भरायचा तर हा आकडा खरा हवा.

फोरमन भाऊंनी टाँग टेस्टर (वायरीतला करंट मोजणारा चिमटा) आणला. तीन दिवस आम्ही दोघं दर दोन तासांनी पॅनेलजवळ जायचो. पाऊस लांबलेला, पत्र्याखाली अंग नुसतं भाजत होतं. ते पॅनेलचं दार उघडून एकेक फेजच्या वायरवर चिमटा लावायचे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि मोठ्याने वाचायचे. मी हजेरीच्या जुन्या रजिस्टरमागे लिहायची. मिलच्या फीडरवर सरासरी १४६ अँपिअर, पॅकिंगवर १७. मी आनंदाने १० टक्के लिहून मोकळी झाले. भाऊ म्हणाले, "पण मिल दहा तास चालते, पॅकिंग सोळा." पुन्हा गुणाकार केला: १,४६० आणि २७२. पॅकिंगचा वाटा सुमारे १६ टक्के. ३० टक्क्यांनी १ लाख ३८ हजार पडत होते, आता ७३,६००. दरमहा ६४,४०० रुपये चुकीच्या जागी जात होते.

हा आकडाही पक्का नाही, पॉवर फॅक्टर यात धरलेला नाही. दोन सब-मीटर मागवले, प्रत्येकी १४,५००. साहेबांनी एका सहीत मंजूर केले.

१८ जुलै

वाहतूक. वितरणाचा सगळा खर्च एका कॉस्ट सेंटरवर (खर्च गोळा होतो त्या विभागावर) पडत होता आणि तो विक्रीच्या रकमेच्या प्रमाणात ग्राहकांवर वाटायची सायकल आम्ही केईयू५ मध्ये लावली. टेस्ट रनची खूण काढलेली होती हे न पाहता चालवली. जूनचा सगळा खर्च ४१२ मालांवर आणि शेकडो ग्राहकांवर पसरला, हजारो ओळी पडल्या. सायकल उलटवता येते, तेवढं बरं. पण त्या दिवशी कोणालाच रिपोर्ट काढता आला नाही. आता सायकल चालवणारा आणि टेस्ट रनचा निकाल तपासणारा, ही दोन वेगळी माणसं.

खरी अडचण वेगळी होती. रकमेवर वाटलं तर हैदराबादला जाणारा भरलेला ट्रक आणि शहरातल्या मोठ्या साखळी दुकानांच्या गोदामावर ४० कट्टे घेऊन दिवसभर उभी राहणारी छोटी गाडी यांत फरकच उरत नाही. उतरवायला नंबर लागेपर्यंत त्या गाडीचा थांब-आकार आम्हीच भरतो.

२१ जुलै ते २ ऑगस्ट

म्हणून वाटप बंद. वाहतुकीच्या बिलाची नोंद करतानाच ग्राहक गट आणि विक्री जिल्हा भरायचा, खर्च थेट त्या ग्राहक गटाच्या नफ्याच्या हिशेबात. बिल्टी (वाहतूकदाराची पावती) हातात असते, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. जुलैच्या १,१४० बिल्ट्या. हिशेबातल्या पोरांनी कुरकुर केली, रास्तच होती, रोजचा दीड तास वाढला. त्यातल्या एकीने सुचवलं की बिल्टीच्या नंबरावरून डिलिव्हरी आणि डिलिव्हरीवरून ग्राहक आपोआप उचलता येईल. आयटीवाल्यांनी एका आठवड्यात छोटा प्रोग्राम लिहून दिला. आता हाताने फक्त शंभरेक राहतात, ज्यांत एका गाडीत दोन ग्राहकांचा माल असतो. त्यांची वाटणी वजनाने.

जुलैची वाहतूक १८ लाख ६० हजार. जुन्या पद्धतीने मॉडर्न ट्रेडवर २२ टक्के पडली असती, बिल्ट्यांवरून ३७ टक्के पडली. २ लाख ७९ हजारांचा फरक.

४ ऑगस्ट

जुलै बंद करताना क्रम चुकला. उत्पादन ऑर्डरचं सेटलमेंट (उरलेला खर्च हिशेबात वळता करणं) सीओ८८ ने आधी केलं आणि विभागांचा खर्च एकमेकांवर वाटणारी केएसयू५ ची सायकल नंतर. देखभाल आणि बॉयलरचा खर्च मिलच्या कॉस्ट सेंटरवर पोचायच्या आत ऑर्डर सेटल झाल्या, म्हणजे ठरलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातल्या फरकाची रक्कम अर्धवट निघाली. शिवाय ९ ऑर्डर टेक्निकली बंदच केल्या नव्हत्या. त्या अपूर्ण कामात दिसत होत्या. सगळं उलटवून परत केलं, एक दिवस गेला.

क्रम भिंतीवर चिकटवला: आधी सगळ्या पावत्या आणि पॅकिंगची कन्फर्मेशन, मग ऑर्डर बंद, मग केएसयू५, मग प्रत्यक्ष अ‍ॅक्टिव्हिटी दर आणि त्याने ऑर्डरचं पुनर्मूल्यांकन, मग फरकाची गणना, मग सीओ८८, सर्वांत शेवटी केईयू५.

६ ऑगस्ट

हैदराबादचा आमचा सर्वांत जुना घाऊक व्यापारी ४९ लाख ४१ हजारांच्या तोट्यात. पोटात गोळा आला. केई२४ मध्ये ओळी उघडल्या तर खर्च आहे, विक्रीच नाही. ३१ जुलैच्या रात्री तीन ट्रक भरले, १६-१६ टनांचे. गुड्स इश्यू (माल स्टॉकमधून गेल्याची नोंद) अकरा वाजता झाला, म्हणजे विकलेल्या मालाचा खर्च जुलैत. बिल आणि ई-वे बिल बाराच्या पुढे झालं आणि त्यानंतरच गाड्या गेटबाहेर पडल्या. विक्री ऑगस्टात. अकाउंट-बेस्ड पद्धतीत हे असंच होतं, खर्च माल निघाल्यावर आणि उत्पन्न बिलावर. कॉस्टिंग-बेस्डमध्ये दोन्ही बिलावरच येतं. पद्धत निवडताना हे मला ठाऊक होतं, पण त्याचा चटका असा बसेल हे वाटलं नव्हतं.

उपाय साधाच: महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री दहानंतर गुड्स इश्यू बंद. गेटवरच्या माणसालाही यादी दिली.

११ ऑगस्ट

मॉडर्न ट्रेडच्या योजना, शेल्फचं भाडं, विक्रीनंतरची सूट यांच्या क्रेडिट नोटा. त्या दोन-तीन महिन्यांनी येतात आणि हिशेब विभाग थेट खात्यात टाकतो, विक्रीच्या मॉड्यूलमधून नाही. त्यामुळे त्यांवर ग्राहक गटच नव्हता, सगळ्या "विक्री खर्च" कॉस्ट सेंटरवर. करारातल्या टक्क्यांनी जुलैच्या विक्रीशी निगडित ७ लाख २० हजार निघाले. आता क्रेडिट नोट विक्रीतूनच, कारणाच्या कोडसह. आणि त्याच टक्क्यांवरून दरमहा तरतुदीची नोंद, ग्राहक गट टाकून.

सल्लागारांची मुदत संपली. वाढीव दिवसांचे १ लाख ६० हजार लागले.

२५ ऑगस्ट

पोळा, मारबत झाले, सगळे परत आले. जुलैचा पहिला पूर्ण रिपोर्ट मांडला. मॉडर्न ट्रेडची विक्री १ कोटी ५५ लाख. एक्सेलमधला ९ टक्के नफा. वाहतुकीने १.८ गेले, क्रेडिट नोटांनी ४.६, पॅकिंगच्या विजेने ०.१ परत दिलं. राहिले २.७ टक्के. नागपूरच्या इतवारी बाजारातले घाऊकवाले, ज्यांना आम्ही नेहमी पडेल नफ्याचे म्हणायचो, ते ३.४ वर.

खोलीत शांतता होती. विक्रीच्या ताईंनी एकच विचारलं, "बिल्ट्या मला दाखवशील?" दोघी बसून चाळीसेक बिल्ट्या रिपोर्टच्या ओळींशी जुळवल्या. प्रत्येक सापडली. त्यांचा आक्षेप तिथे संपला, आणि मला या सगळ्या कामातला सर्वांत मोठा आनंद त्या अर्ध्या तासात झाला. त्याच दिवशी त्यांनी साखळी दुकानांना किमान १५० कट्ट्यांची ऑर्डर आणि ठरलेली उतराई वेळ, हे दोन मुद्दे कळवले. एकाने मान्य केलं, एकाशी बोलणं चालू आहे.

१२ सप्टेंबर

ऑगस्ट सहा दिवसांत बंद झाला, आधी अकरा लागायचे. केई३० ची बेरीज नफा-तोटा पत्रकाशी रुपयापर्यंत जुळली. ग्राहक गट नसलेल्या ओळीत ४१,३०० रुपये उरलेत. त्यातले ३८ हजार एका नमुना-वाटपाचे आहेत, बाकी शोधते आहे.

१९ सप्टेंबर

सब-मीटर आले. रविवारी मिल बंद असते. फोरमन भाऊंनी सकाळी आठला फीडर बंद ठेवायचं कबूल केलंय, वायरमन साडेआठला येईल. मी रजिस्टर घेऊन जाते आहे.